दुसऱ्या चालकाची चकती

पाडबोर्ग, ११ जानेवारी १९८८

प्रिय मामा,

जर्मन सरहद्दीवरच्या कँटीनमध्ये बसून लिहितोय. गुडरुनबाईंनी कॉफी दिली आहे, बहुधा सकाळपासून शेगडीवरच होती. फोन केला असता, पण तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून तुमचा डावा कान गेला, आणि उजवा तुम्ही रिसीव्हरला लावत नाही. मग मला ओरडावं लागतं आणि आपल्या घरच्या गोष्टी इथल्या सगळ्या ट्रकवाल्यांना पाठ होतात. पत्रच बरं.

मुद्द्याचं आधी. गाडीचा वेग आणि वेळ नोंदणाऱ्या यंत्रात घालायच्या कागदी चकत्या संपत आल्या. मागच्या चाळिसातल्या सहा उरल्यात. या वेळी साठ पाठवा. मधल्या गोलात फक्त तुमचं नाव, लाउरिट्स टोफ्ट, नेहमीच्या तिरक्या अक्षरात. तारीख, गाव, किलोमीटर मी भरतो. अक्षर तुमचंच हवं, कारण हल्ली तपासणीवाले दोन्ही चकत्या शेजारी ठेवून अक्षर ताडून बघतात.

सरकार म्हणतं दिवसाला नऊ तास गाडी चालवा, साडेचार तास झाले की पाऊण तास थांबा, आणि रोज अकरा तास झोपा. आपले मालक ब्रोगोरसाहेब म्हणतात सोमवारी चढलेला मासा बुधवारी बाजार उघडायच्या आत वेरोनात हवा. मासा काही म्हणत नाही, तो नुसता वास मारायला लागतो. गाडीत दोन चालक असले तर दोन्ही जमतं. म्हणून आपण दोघं. माझे तास भरले की माझी चकती खालच्या खाचेत आणि तुमची वरच्या. मग यंत्राच्या लेखी मी झोपतो आणि तुम्ही हाकता. मागच्या वर्षी तुम्ही नव्वद हजार किलोमीटर केलेत मामा. पाठदुखीने नोकरी सोडलेल्या माणसाच्या मानाने फारच छान.

ब्रोगोरसाहेब गंभीर चेहऱ्याने विचारतात, "काय, लाउरिट्स बरा आहे ना? त्याला सांग, जरा सावकाश चालव." ते हसत नाहीत म्हणून मीही हसत नाही.

फार दमलोय. बायकोला, विबेकेला, भेटून नऊ दिवस झाले. आईला सांगा मी जेवतो.

तुमचा
एस्बेन


लेमविग, १७ जानेवारी

चि. एस्बेन,

आशीर्वाद. साठ चकत्या पुठ्ठ्यात घालून पाठवल्यात, वाकवू नकोस. सह्या करायला दोन दिवस लागले. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो, बाजूला रेडिओ, आणि प्रत्येक सही करताना वाटायचं, ही कुठं जाईल? उल्मला? इन्सब्रुकच्या घाटात? तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, मला मजा येते. पेन्शनवर बसलेल्या म्हाताऱ्याला शेजारीसुद्धा विचारत नाहीत. तू मला दर आठवड्याला इटलीला नेऊन आणतोस. वर पेटीभर मासा देतोस. तक्रार कसली?

तुझी आई ठीक आहे. परवा शेजारच्या आयनारने शिकारीतली हरणाची तंगडी आणली, चांगली पाच किलोची. डाग्नीने त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "माझ्या घरात हरीण नको." रेन्सबुर्गच्या रस्त्यावर तुझ्या बापाच्या आणि माझ्या गाडीला ते हरीण आडवं आलं, त्याला सत्तावीस वर्षं झाली. मारिउस गेला. तेव्हापासून तिने सगळ्या हरणांशी वैर धरलंय. आयनार बिचारा गावात नवीन, त्याला काय ठाऊक. तंगडी मग त्याने स्वतःच्या फ्रीझरमध्ये टाकली.

झोप आली तर बूट काढ आणि अनवाणी पेडल दाब. कांदा फोडून पुढ्यात ठेव. चर्चमधली गाणी म्हण, मोठ्याने, आणि उंच पट्टीत. खालच्या पट्टीत म्हटलीस तर ती अंगाईसारखी होतात.

सावकाश जा. (बघ, ब्रोगोरचा निरोप मी तुला देतोय.)

लाउरिट्समामा


रोझेनहाइम, ९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

काल तुमची आणि जर्मन पोलिसाची भेट झाली. रस्त्याकडेला थांबवलं, दोन्ही चकत्या बघितल्या, आणि विचारलं, "दुसरा चालक कुठाय?" मी मागच्या झोपायच्या बंकाचा पडदा जरासा सरकवला. आत दोन ब्लँकेटं, माझा कोट आणि बटाट्याची पिशवी. म्हटलं, "आत्ताच झोपलाय, वय झालंय." पोलीस पोरगेलासा होता, डोळे माझ्यासारखेच लाल. त्याने बटाट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "टोफ्टसाहेब, शांत झोपा." आणि चकत्या परत दिल्या. मी पुढे दहा किलोमीटर हसत होतो. मग हसू कधी थांबलं ते कळलं नाही.

कळलं नाही म्हणजे खरंच कळलं नाही. वुर्ट्सबुर्गची पाटी बघितल्याचं आठवतंय. त्यानंतर थेट न्युरेंबर्ग. मधले शंभर किलोमीटर कोणी चालवले? चकती म्हणते लाउरिट्स टोफ्ट.

आणि आज एक गोष्ट झाली, ती विबेकेला सांगितलेली नाही. भर अकरा वाजता, स्वच्छ उजेडात, रस्त्याच्या मधोमध हरीण उभं होतं. मी ब्रेक मारला. मागे पेट्या कोसळल्या. खाली उतरून बघितलं तर काही नाही. कुंपणसुद्धा शाबूत. तिथून हरीण येणंच शक्य नव्हतं.

मामा, तुमचं हरीण कसं होतं? उभं होतं की पळत आलं? तुमच्याकडे बघत होतं का? लहानपणी मी हजारदा विचारलंय आणि तुम्ही प्रत्येक वेळी सिगारेट पेटवलीत. तुमचं हरीण खरं होतं, निदान तुम्ही गाडी वळवलीत. मी नसलेल्या हरणासाठी बाबांसारखा मरणार की काय, असं वाटून गेलं. लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा आलं नाही.

चकत्या वेळेवर पाठवत राहा.

एस्बेन


लेमविग, १६ फेब्रुवारी

चि. एस्बेन,

तीसच पाठवतोय. बोटं आखडतात थंडीने.

बर्फ गुडघाभर आहे. माझ्या कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन करायचं म्हणतात, तारीख द्यायची आहे. चहात साखर कमी करायलाही सांगितलंय, म्हणजे सगळीकडूनच नाकेबंदी.

थकल्यावर काहीबाही दिसतं. मला एकदा रस्त्यावर आख्खी म्हशीएवढी काळी गाय दिसली होती. दुर्लक्ष करायचं. थर्मासमध्ये कॉफी दाट कर. खिडकी चार बोटं उघडी ठेव. तुमच्याकडे निदान हीटर आहे, स्टिअरिंग एका हाताने वळतं. आम्ही कसं काढलं ते आम्हालाच माहीत.

हरणाबद्दल कागदावर विचारत जाऊ नकोस. तुझ्या आईच्या हाती एखादं पत्र लागायचं.

थोडा थांबत जा रे मधेमधे. तंगड्या मोकळ्या कर.

लाउरिट्समामा


पाडबोर्ग, ८ मार्च

मामा,

तीस चकत्या महिनाभरसुद्धा पुरत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. वाटेत एखादी खराब होते, एखादी भिजते. साठ पाठवा, ईस्टरच्या आधी. २ मार्चला तुम्ही एकट्याने ८१० किलोमीटर केलेत, शाब्बास, आणि आता बोटं आखडतात म्हणता?

रागावून लिहितोय, माफ करा. ब्रोगोरसाहेबांनी सांगितलंय की ईस्टरच्या आठवड्यात मासा एक तास जरी उशिरा पोचला तरी वेरोनाची खेप दुसऱ्या कंपनीकडे जाईल. आणि "थांबत जा" म्हणता. कुठं थांबू? थांबलं की यंत्र लिहितं, नाही थांबलं तरी यंत्र लिहितं. ज्या मंत्र्याने हे नियम केले त्याने आयुष्यात हेरिंग माशाची एक पेटी उचललेली नाही.

एक चांगली बातमी. विबेके माझ्याबरोबर येणार. ईस्टरच्या आठवड्यात तिचा मासळीचा कारखाना बंद असतो, आणि तिला एकदा वेरोना बघायचंय. माझ्या शेजारच्या सीटवर. खरं सांगायचं तर मीच जास्त खूश आहे. तिची तऱ्हा बघा. घरी जेवताना माझ्याकडे बघत नाही, माझ्या हातांकडे बघते. म्हणते, कारखान्यात सुरीच्या कामावर बसलेल्या सगळ्या बायका एकमेकींच्या हातांकडे बघतात. डोळे फसवतात, हात आधी सैल पडतात. तिच्या टेबलावरच्या एकीची दोन बोटं गेली, तेव्हा युनियनने भांडून दोन तासांनी घंटा मिळवली. घंटा झाली की सुरी खाली, मग मालक काहीही म्हणो. मी म्हटलं, तुमच्या बोटांसाठी घंटा, आमच्यासाठी यंत्राचा काटा, त्याला आम्ही फसवतो. तिला ते आवडलं नाही.

तिने विचारलं, वाटेत मला झोप लागली तर चालेल ना? मी म्हटलं, झोप तू, मी आहे ना.

साठ. विसरू नका. पत्र गुडरुनबाईंच्या कपाटात ठेवायला सांगा.

एस्बेन


लेमविग, १९ मार्च

एस्बेन,

या पाकिटात चकत्या नाहीत. शोधू नकोस.

२ मार्चला मी ८१० किलोमीटर केले नाहीत. त्या दिवशी इस्पितळात माझं कंबरेचं हाड कापत होते. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, उगीच रजा मागत बसला असतास, आणि ब्रोगोरने दिली नसती. तुझं पत्र मला तिथेच मिळालं. ते ८१० किलोमीटर वाचून हसलो, टाके दुखले. शेवटाकडची एक ओळ वाचली आणि मग दोन दिवस मला अन्न गेलं नाही. नर्सला वाटलं ऑपरेशनमुळे.

झोप तू, मी आहे ना. हे शब्द माझे आहेत. १९६१च्या मे महिन्यात मी ते तुझ्या बापाला म्हणालो होतो. तू त्या वेळी सहा वर्षांचा होतास. आम्ही दोन दिवसांत मिळून चार तास झोपलो होतो. तेव्हा ना यंत्र होतं ना चकती, होता तो फक्त मालक आणि मासा. फ्लेन्सबुर्गला मारिउस म्हणाला, "लाउरिट्स, एक कॉफी घेऊ, जरा पडू." मी म्हटलं, हाम्बुर्ग समोर आहे, आता कशाला. झोप तू, मी आहे ना. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. माझ्यावर विश्वास होता त्याचा.

हरीण नव्हतं, एस्बेन.

चार वाजत आले होते, लख्ख ऊन, रस्ता कोरडा. मी झोपलो. जाग आली तेव्हा गाडी झाडात होती आणि मारिउसची बाजू उरली नव्हती. मी दारातून बाहेर पडलो, अंगावर ओरखडासुद्धा नाही. पोलीस आला. भला माणूस होता, खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काही आडवं आलं का? हरीण?" या भागात फार येतात, असंही तोच म्हणाला. मी मान हलवली. बस, तेवढंच केलं मी. त्याने लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत ते कागदावर होतं, आठवड्यात गावभर, आणि मग तुझ्या आईने ते उराशी धरलं. मी तिचं दुःख हलकं करतोय अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मी स्वतःला वाचवत होतो.

तू मोठा झालास, ट्रक शिकवा म्हणालास. मी शिकवलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

आणि आता बघ मी काय करत बसलो होतो. टेबलाशी बसून, रेडिओ लावून, साठ साठ वेळा माझं नाव लिहून तुला देत होतो, म्हणजे तुला थांबावं लागू नये. तुझ्या गाडीत दुसरा माणूस आहे असं दाखवायला. माझ्यासारखा दुसरा माणूस! बापाच्या वेळी निदान माझा हात स्टिअरिंगवर होता. कागदावरच्या लाउरिट्सला तेवढाही हात नाही.

त्या यंत्राला शिव्या देऊ नकोस. ते १९६१ साली असतं तर मी त्यालाही शिव्या दिल्या असत्या, पण फ्लेन्सबुर्गला थांबलो असतो.

विबेकेला त्या सीटवर बसवू नकोस. बसवायचीच असेल तर नियमाने चालव, मासा सडू दे. ब्रोगोर दुसरा चालक ठेवेल, खराखुरा, हाडामांसाचा.

तू माझं ऐकशील याचा भरवसा नाही, कारण मीही कोणाचं ऐकलं नसतं. म्हणून आज सकाळी पोलिसांच्या वाहतूक तपासणी खात्याला पत्र टाकलंय. लाउरिट्स टोफ्ट याने ऑक्टोबर १९८४ नंतर ट्रक चालवलेला नाही, त्याच्या नावाच्या सगळ्या चकत्यांवर त्याने घरी बसून सह्या केलेल्या आहेत. खाली सही, त्याच तिरक्या अक्षरात. माझं काय व्हायचं ते होईल. तुझंही होईल, ते मला दिसतंय.

उद्या रविवार. चर्च सुटल्यावर डाग्नीकडे जाणार आहे. तिला मीच सांगणार.

लाउरिट्समामा


पाडबोर्ग, २८ मार्च (कार्डावर)

मामा, हे काय? गुडरुनबाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्यात, पत्रांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर. तुमचं पाकीट काचेतून दिसतंय, जाडही नाही. म्हणजे चकत्या कमीच. माझ्याजवळ तीन उरल्यात, जाताना पुरतील. येताना बघू. विबेके शेजारी बसली आहे, मार्झिपान खातेय, तुम्हाला नमस्कार सांगतेय. मागच्या तीन दिवसांत मिळून सात तास झोपलो असेन, पण ती बोलत राहिली की बरं वाटतं. एस्बेन.


लेमविग, २९ मार्च
(वेरोनाच्या मासळी बाजारातल्या कचेरीच्या पत्त्यावर, तातडीचं)

एस्बेन, तुझं कार्ड आत्ता मिळालं. कँटीनला फोन केला, कोणीतरी ओरडत होतं, मीही ओरडलो, मला काही ऐकू आलं नाही. ब्रोगोरला केला, तो म्हणाला गाडी कालच गेली, आणि तू कोण बोलतोस? मी म्हटलं तुझा दुसरा चालक. त्याने फोन ठेवला.

हे पत्र तुझ्या आधी पोचणार नाही, कळतंय मला. तरी लिहितोय. पोचलास तर तिथेच झोप. दोघंही झोपा. चकत्या फाडून टाक. बाकी सगळं पाडबोर्गच्या पाकिटात आहे. काठी टेकत दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो, डॉक्टरने दोनच वेळा सांगितलंय.

लाउरिट्समामा


पाडबोर्ग, ५ एप्रिल

मामा,

दोघंही जिवंत आहोत. आधी तेवढं लिहितो.

मंगळवारी दुपारी, इन्सब्रुकच्या अलीकडे. ऊन होतं. विबेकेला मी पुन्हा म्हटलं होतं, झोप तू. ती झोपली नाही. पाय वर घेऊन माझ्या हातांकडे बघत बसली होती, टेबलावरच्या शेजारणीकडे बघावं तशी. ती सांगते की माझे डोळे उघडे होते, रस्त्यावरच होते. पण डाव्या हाताचा अंगठा स्टिअरिंगवरून सुटला, मग बोटं. तिने स्टिअरिंग धरून ओढलं आणि माझ्या कानाशी किंचाळली. गाडी कठड्याला घासत ऐंशी मीटर गेली. तिच्या बाजूचा आरसा, पायरी, अर्धं दार गेलं. कठड्यापलीकडे खाली नदी होती.

उतरलो. ती चाकाला टेकून बसली आणि म्हणाली, "घंटा झाली. सुरी खाली." आम्ही तिथल्या रस्त्याकडेच्या थांब्यावर गाडी लावून अकरा तास झोपलो. मासा एक दिवस उशिरा पोचला. बाजारातल्या माणसाने झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं.

तुमचं वेरोनाचं पत्र मिळालं तेव्हा आम्ही परत निघत होतो. पाकीट आज उघडलं, गुडरुनबाई आल्यात. विबेकेसमोरच वाचलं. मी दोनदा वाचलं, मग बाहेर जाऊन तुमच्या त्या दिवशीच्या चकतीकडे बघत बसलो. तीन वाजून अठरा मिनिटांपर्यंत रेघ एकदम सरळ आहे मामा, कुठे थरथरसुद्धा नाही. मी झोपलो होतो हे यंत्राला कळलंच नाही. त्याच्या मते लाउरिट्स टोफ्ट ताशी चौऱ्याऐंशीने व्यवस्थित गाडी चालवत होते.

तुमचं काय करू मला कळत नाही. तुम्ही माझे बाप झालात, सायकल शिकवलीत, ट्रक शिकवलात, आणि सत्तावीस वर्षं मला एका हरणाची गोष्ट सांगितलीत. मी फेब्रुवारीत विचारलं होतं. तेव्हा सांगितलं असतंत तर? तुम्ही मला खिडकी उघडी ठेवायला सांगितलंत. आज तुमचा चेहरा बघायला मिळाला असता तर मी काहीतरी वाईट बोललो असतो. म्हणून बरं झालं की पत्र आहे.

पण तुम्ही चकत्या पाठवायचात तेव्हा मला आनंदच व्हायचा, हेही खरं. मी मागितल्या म्हणून तुम्ही दिल्यात. बटाट्याच्या पिशवीवर कोट मी घातला.

ब्रोगोरसाहेबांनी गाडीची किल्ली काढून घेतली. तपासणी खात्याचा माणूस कचेरीत बसला होता, सगळ्या ड्रायव्हरांच्या चकत्या टेबलावर. साहेब त्याला म्हणत होते, "माझी माणसं स्वतःहून करतात, मला काही कल्पना नाही." मी समोरच उभा होतो. मग मीही खुर्ची ओढली आणि त्या माणसाला सगळं सांगितलं, "लाउरिट्सला सांग सावकाश चालव" हेसुद्धा.

आईला सांगितलंत का? तिने काय म्हटलं? मी फोन केला तर ती फक्त विचारते, जेवलास का.

एस्बेन


लेमविग, १७ एप्रिल

एस्बेन,

आशीर्वाद. विबेकेला माझा नमस्कार सांग. तिच्या हातांना सांग.

तपासणीवाला माझ्याकडेही येऊन गेला. पोरगाच आहे, पण नीट कागद मांडून बसला. "२ मार्च, ८१० किलोमीटर, तुमची सही?" मी म्हटलं, "सही माझी, किलोमीटर नाहीत. त्या दिवशी मी दात काढून, तोंडावर भुलीचा मुखवटा लावून पडलो होतो." त्याला हसू आलं, मग त्याने ते आवरलं. कोर्टात बोलावतील म्हणाला. ब्रोगोरचं नाव सगळ्यात वर आहे, हे त्याने मला उलट्या कागदावरून वाचू दिलं. जाताना विचारलं, "हे तुम्ही का कळवलंत? कोणी पकडलं नसतं." मी सिगारेट शोधली. मग म्हटलं, हरीण नव्हतं म्हणून. त्याला काही कळलं नाही, पण त्याने माझ्याकडून मान हलवून घेतली नाही, हे मला आवडलं.

आता डाग्नीचं. त्या रविवारी गेलो. काठीसाठी तिने खुर्ची सरकवली, कॉफी ओतली. मी सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच, कमी नाही, जास्त नाही. ती ऐकत होती. एकच गोष्ट विचारली. "तो झोपला होता?" मी म्हटलं, हो, टोपी डोळ्यांवर घेऊन. ती म्हणाली, "म्हणजे त्याला कळलं नाही." मी म्हटलं, नाही. मग ती उठली, माझा भरलेला कप उचलून मोरीत ओतला आणि आतल्या खोलीत गेली. मी अर्धा तास बसलो आणि निघून आलो.

चार आठवडे तिचं दार बंद. मी पाव ठेवून यायचो पायरीवर, तो तिथेच असायचा. चिमण्या खायच्या. एस्बेन, मला तुरुंगाचं भय वाटलं नाही तेवढं त्या पायरीचं वाटलं.

आज सकाळी आयनार आला. म्हणाला, "तुमच्या बहिणीने काल हरणाची तंगडी मागून नेली. मीच चकित झालो." आणि दुपारी तिचा निरोप, जेवायला ये.

गेलो. टेबलावर दोनच ताटं. मधोमध तंगडी, भाजलेली, बोरांच्या मुरंब्याबरोबर, बटाटे, सगळं रीतसर, सणाला करतात तसं. सत्तावीस वर्षांत त्या घरात हा वास आला नव्हता. तिने कापलं, मला वाढलं, स्वतःला वाढलं. आणि खायला लागली. माझ्याकडे बघत नव्हती, ताटाकडे बघत होती. पहिला घास तिला गिळवेना, मला दिसलं, पण तिने गिळला. मग मीही खाल्लं. जन्मात इतकं जड काही मी खाल्लेलं नाही. नुसते काटेचमचे वाजत होते.

निघताना ती दारात उभी राहिली. बासष्ट वर्षं मी तिचा दादा आहे. आज तिने मला नावाने हाक मारली.

"लाउरिट्स," ती म्हणाली, "उरलेलं डब्यात भरून दिलंय. तेही तूच संपव."

डबा माझ्यापुढे आहे. उद्याही पुरेल, परवाही पुरेल. संपवीन. नंतर डबा घासून तिच्याकडे परत न्यायचा आहे, तो तिने परत मागितलाय, आणि मला वाटतं तेवढं पुष्कळ आहे.

तू रविवारी ये. आधी पोटभर झोप, मग निघ. आणि येताना गाडी विबेकेला चालवू दे.

लाउरिट्समामा